बेचाळीस पायऱ्या आणि मिरजेचा मुक्काम

आमचं घर रस्त्याच्या खालच्या अंगाला आहे. साखरप्याच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडला की जांभ्याच्या पाखाडीने बेचाळीस पायऱ्या उतरायच्या, मग अंगण. आई लग्न होऊन या घरात आली त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. तेव्हापासून गवताचे भारे, शेणाच्या पाट्या, गिरणीतून आणलेलं दळण, सगळं तिने याच पाखाडीवरून डोक्यावर वाहिलं. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पट भार येतो आणि पायऱ्या उतरताना तो साडेतीन पटीपर्यंत जातो, हे मला मागाहून फिजिओथेरपिस्टने सांगितलं. त्या हिशेबात डोक्यावरचा भारा धरलेला नाही.

नोव्हेंबर-डिसेंबर : तयारी

भात झोडून कणगीत गेलं आणि मग आईने तोंड उघडलं. "आता नाय जमत गो." तिचे पाय गुडघ्यात बाहेरच्या बाजूला वाकले होते. रात्री कूस बदलताना ती कळ दाबून धरायची, ती आम्हाला बाजूच्या खोलीत ऐकू यायची.

आमच्या भागात मोठं दुखणं म्हणजे मिरज, हे आजोबांच्या काळापासून ठरलेलं. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशनचं रुग्णालय उभारलं, १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि भोवती दवाखान्यांचं गावच वसलं. घाटाखालून आम्ही जातो, पलीकडून अथणी, विजापूर, बेळगावकडची माणसं येतात.

नोव्हेंबरात दाखवून आलो. उभं राहून काढलेल्या एक्स-रेवर डॉक्टरांनी बोट ठेवलं. डाव्या गुडघ्यात दोन हाडांमध्ये कागदाएवढी फट उरली होती, उजव्यात तीही नव्हती. वय ६८, साखर, रक्तदाब. गुडघे बदलायलाच हवे होते, पण दोन्ही पाय एकाच वेळी करायला ते तयार झाले नाहीत. आधी उजवा, मग तीन-चार महिन्यांनी बघू, म्हणाले. आणि तारीख देण्याआधी दोन कामं नेमून दिली. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.४ टक्के होती, ती साडेसातच्या खाली आणायची. आणि किडलेली दाढ काढून टाकायची. गुडघ्यासाठी आलेल्या बाईला दाढेचं काय, असं आईला वाटलं. पण दातातले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतात आणि तिथे पू झाला तर तो सांधा उघडून पुन्हा सगळं करावं लागतं. दाढ काढली. भात निम्म्यावर आला, चहातली साखर गेली. डिसेंबरच्या शेवटी आकडा ७.२ आला.

खरी तयारी व्हायची पडवीत. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची आणि मांडी आवळून ती खाली दाबायची, दहा मोजेपर्यंत. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. मग हाताच्या खुर्चीत बसून, हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, कारण वॉकरवर पहिले दिवस सगळा भार दंडांवर येतो. ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू सुस्त पडतो, ज्याच्या मांडीत आधीच बळ आहे तो लवकर उठतो, असं सांगितलं होतं. आई हे व्यायाम सकाळ-संध्याकाळ करायची, तोंडाने आकडे मोजत. मला राहून राहून वाटतं की लोक दवाखाना निवडायला सहा महिने घालवतात आणि या दोन महिन्यांकडे कोणी लक्ष देत नाही.

दादाने पाखाडीच्या एका अंगाला वरपासून खालपर्यंत जीआयचा पाइप बसवून घेतला. अकराव्या पायरीचा चिरा हलत होता, तो काढून पक्का केला. वहिनीने न्हाणीघरात कमोड बसवायला गवंडी बोलावला. गाय शेजारच्या काकूंकडे गेली, तेव्हा मात्र आई दोन वेळा अंगणात जाऊन रिकाम्या गोठ्याकडे बघून आली.

६ जानेवारी २०२५, सोमवार : घर ते मिरज

वाडीतल्या पोरांनी डोली बांधायची ठरवलं होतं. आमच्याकडे आजारी माणूस रस्त्यापर्यंत डोलीतूनच नेतात. आईने ऐकलं आणि सरळ सांगितलं, "मना डोली नको. डोलीत बसून आमची सासू गेली ती परत आली नाय." कोणी वाद घातला नाही. ती पाखाडीकडे पाठ करून पहिल्या पायरीवर बसली, हात मागच्या पायरीवर टेकले आणि अंग वर ओढलं. अशा बेचाळीस पायऱ्या. लुगड्याचा काष्टा जांभ्याच्या धुळीने लाल झाला. दादा आणि मी दोन बाजूंना, हात पुढे करून, पण तिला हात लावायची हिंमत न करता. पाऊण तास लागला.

गाडीत तिला पुढच्या सीटवर बसवलं. सीट मागे सरकवली, पाठीला उशी दिली. दर तासाला थांबून पाय मोकळा करायचा असं ठरवून निघालो. साखरप्याला चहा. आंबा घाटात धुकं होतं, आई काच खाली करून जंगलाचा वास घेत होती. मलकापूर मागे पडलं की रान बदलतं. भाताच्या खाचरांच्या जागी ऊस, आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, एकामागे एक दोन जोडलेल्या. कोल्हापूर, जयसिंगपूर करत दुपारी दीडला मिरजेत. रस्त्याचं काम चालू असल्याने जागोजागी खड्डे आणि वळसे होते. प्रत्येक दणक्याला आई उजवी मांडी दोन्ही हातांनी धरायची.

७ जानेवारी : तपासण्या

सगळा दिवस रांगेत. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, टूडी इको. भूलतज्ज्ञांनी तोंड उघडायला सांगितलं, मान मागे करायला सांगितली, पाठीचा कणा चाचपला. संध्याकाळी जंतुनाशक साबणाने आंघोळ. रात्री डॉक्टर आले आणि निळ्या पेनाने उजव्या मांडीवर बाण काढून गेले. आई त्या बाणाला हात न लावता झोपली, पुसला जाईल म्हणून.

८ जानेवारी, बुधवार : ऑपरेशन

साडेआठला आत नेलं. हातातल्या बांगड्या तिने काढू दिल्या. मंगळसूत्र मात्र स्वतः काढून माझ्या मुठीत दिलं आणि मूठ मिटली.

बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी अथणीकडचे एक आजोबा होते. त्यांची बायको त्याच रांगेत. त्यांना मराठी समजायचं, बोलायचे कानडी. आम्ही एकमेकांना पाणी दिलं, बिस्कीट दिलं, आणि दार उघडलं की दोघंही उठायचो.

आत काय चाललं असेल ते मला आधी चित्र काढून समजावलेलं होतं. सगळा गुडघा कापून टाकत नाहीत. मांडीच्या हाडाचं झिजलेलं टोक काही मिलिमीटर तासून त्यावर धातूची टोपी बसवतात, बहुतेक वेळा कोबाल्ट-क्रोमियमची. खाली नडगीच्या हाडावर धातूची बशी, आणि दोन्हींच्या मध्ये पॉलिइथिलीनची गादी. हाडाला धातू धरून राहावा म्हणून बोन सिमेंट. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने या सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये आणि वर जीएसटी. त्याआधी तोच सांधा लाखाच्या वर जायचा. आमच्यासारख्या घराला ही गोष्ट किती मोठी आहे हे बिल हातात आल्यावर समजतं. आईचं एका पायाचं सगळं मिळून पावणेदोन लाखांत झालं. त्यात दादाने काजूचे पैसे घातले, मी माझी भिशी घातली.

पावणेअकराला डॉक्टर बाहेर आले. "झालं. पाय सरळ झाला."

आईला कमरेखालीच भूल होती. मधे मधे गुंगी, मधे मधे जाग. वॉर्डात आल्यावर पहिलं वाक्य हे, "आत सुतार काम करीत होता गो. ठाक ठाक. मना वाटलं आपल्या माडीचं काम काढलंय." मग कमरेखाली हात नेऊन मांडी चाचपली आणि घाबरली. हाताला पाय लागत होता, पायाला हात लागत नव्हता. "माजे पाय कुठं ठेवले?" मी तिच्या पावलाजवळ उभी राहून अंगठा दाबत राहिले. संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिने तो अंगठा हलवला.

९ जानेवारी

सकाळी दहाला फिजिओथेरपिस्ट आली, पंचविशीची मुलगी. "आजी, उठायचं." आईने माझ्याकडे असं बघितलं की हिला कोणीतरी सांगा काल काय झालंय. पण वॉकर आला, आई उठली. एक पाऊल, दोन, पाच. पाच पावलांवर खिडकी होती. तिथे थांबून तिने खाली बघितलं, स्वतःच्या पायांकडे. उजवा पाय बँडेजमध्ये असूनही सरळ खांबासारखा, आणि डावा अजून तसाच, कंस काढल्यासारखा. आपलाच पाय ती परक्यासारखा बघत राहिली.

१० जानेवारी

हा दिवस वाईट गेला आणि तो वाईट जाणार हे आम्हाला कोणी नीट सांगितलं नव्हतं. मांडीत दिलेल्या इंजेक्शनचा अंमल उतरला आणि दुखणं आलं. ते ऑपरेशनच्या दिवशी नव्हतं, दुसऱ्या दिवशी नव्हतं, तिसऱ्या दिवशी आलं. त्यामुळे आईने धसकाच घेतला की काहीतरी बिघडलं. साखर २६० वर गेली. इन्सुलिन चालू झालं. तिने जेवण परत केलं, माझ्याशी बोलणं बंद केलं, भिंतीकडे तोंड केलं.

आणि दुखण्याची गोळी ती घेईना. गोळ्यांनी सवय लागते, किडनी जाते, हे तिने वाडीत ऐकलेलं. रात्री अकराला ड्युटीवरची सिस्टर येऊन तिच्या पलंगावर बसली, सांगली-मिरजेकडच्या मोकळ्या आवाजात म्हणाली, "आजी, दुखणं सोसून गुडघा वाकत न्हाई. गोळी घ्या, पाय वाकवा, आन् मग गोळी सोडा. उलटं करू नका." आईने गोळी घेतली. एक वाजता झोप लागली. मी मात्र जागीच होते, पलीकडे अथणीच्या आजींचे मालक खुर्चीत बसून बायकोचं पाऊल मांडीवर घेऊन झोपले होते.

आपल्याकडे सोसण्याला फार मान आहे. बायकांच्या सोसण्याला तर जास्तच. त्या रात्री मला त्याचा राग आला.

१२ जानेवारी, रविवार : खोलीवर

चौथ्या दिवशी सुट्टी मिळाली. घरी न्यायचं नव्हतं. दोन आठवड्यांनी टाके काढायचे, मधे काही झालं तर घाट उतरून गेलेल्या माणसाला पुन्हा घाट चढवत आणायचं हे आम्हाला नको होतं. शिवाय घरी गेली असती तर आई चौथ्या दिवशी चुलीपाशी दिसली असती. म्हणून दवाखान्यापासून पाच मिनिटांवर खोली घेतली होती, दिवसाला सहाशे रुपये, तळमजला, पुढे छोटं अंगण. मिरजेत अशा खोल्या पुष्कळ. अर्धी गल्ली पेशंटांच्या नातेवाइकांवर चालते.

खोली बघायला मी डिसेंबरात दादाला पाठवलं होतं. कमोड आहे, उंबरठा नाही, पलंग उंच आहे, असं त्याने तिन्हींची खात्री करून सांगितलं. एक गोष्ट आम्हा दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. न्हाणीचं दार बावीस इंच आणि वॉकर चोवीस.

दुपारी दोनची वेळ. आईला लघवीला घाईची लागलेली. वॉकर दारात अडकला. तिरका केला तर आई तिरकी होते. तो सोडून भिंतीला धरून जावं तर आतली फरशी ओली. मी तिला मागून कवेत घेतलं आणि एक पाऊल आत टाकलं, तेवढ्यात तिचा डावा पाय सरकला. पडली नाही. माझा हात दाराच्या कडीला लागून सोलवटला, पण ती पडली नाही. पुढची पाच मिनिटं आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो, ती थरथरत आणि मी तिच्या पाठीला गाल लावून.

घरमालकीण मावशी धावत आल्या. बघितलं आणि आधी सुताराला फोन लावला. रविवार असूनही तो तासाभरात आला. दार बिजागऱ्यांसकट काढलं, आतल्या बाजूची पट्टी तासली, तीन इंच जागा झाली. दाराच्या जागी मावशींनी आपल्या घरातला पडदा लावला. फरशीवर रबरी जाळी टाकली. कोणी बाहेरगावी ऑपरेशनला जाणार असेल तर माझं एवढंच कळकळीचं सांगणं आहे : मापटेप घेऊन जा. दार, पलंग, कमोड, सगळं मापून घ्या. आणि वॉकर आधी विकत घ्या, खोली मग ठरवा.

१३ आणि १४ जानेवारी : भोगी, संक्रांत

भोगीला मावशींनी तिळाची बाजरीची भाकरी, लोणी आणि मिसळीची भाजी दिली. गाजर, वांगं, हरभरा, पावटा, सगळं त्यात. आईने तीन दिवसांनी चवीने खाल्लं. मग मला म्हणाली, आपलं कुळथाचं पीठ काढ. संध्याकाळी मी पिठी केली, कोकम घालून, आणि वाटीभर मावशींकडे गेली. त्यांना ती फार आवडली, डाळीच्या पिठल्यापेक्षा हलकी वाटते म्हणाल्या.

व्यायामाला घरी येणारे फिजिओ वेगळे होते, चाळिशीचे, शांत. आल्या आल्या त्यांनी आईच्या गुडघ्याखालची उशी काढून बाजूला ठेवली. ती मी ठेवली होती. तिला बरं वाटायचं म्हणून. "ताई, ही उशी सगळ्यात गोड शत्रू आहे. गुडघा वाकडाच राहील. उशी टाचेखाली ठेवा." टाचेखाली ठेवली की गुडघा हवेत लोंबकळतो, हळूहळू सरळ होतो, आणि जाम दुखतो. वाकण्याकडे सगळे लक्ष देतात, पण पाय पूर्ण सरळ झाला नाही तर माणूस कायमचा लंगडतो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी मनावर ठसवलं.

मग वाकवणं. आई पलंगाच्या काठावर बसायची, पाय खाली सोडायची. ते समोर स्टुलावर बसायचे, एक हात घोट्यावर. "तुम्ही वाकवा, मी फक्त आहे." आई टाच मागे ओढायची. एका जागी येऊन पाय थांबायचा. कातडी तुकतुकीत ताणलेली, टाक्यांच्या पिनांची रांग वर-खाली होत असलेली. कपाळावर घाम. तिथे दहापर्यंत मोजायचं. आई मोठ्याने मोजायची, पडवीत मोजायची तशी, पण सातनंतर आवाज चिरका व्हायचा. मग ते कोनमापक लावायचे. संक्रांतीच्या दिवशी अडुसष्ट. खुर्चीतून सहज उठायला नव्वदच्या वर हवं असतं.

तिळगूळ तिला अर्धाच दिला. तिने तो घेतला आणि आपल्या मागच्या खुर्चीवर बसलेल्या फिजिओंना दिला. "गोड बोला," ती म्हणाली, "पण जरा कमी दाबा."

१६ जानेवारी

उजवी पोटरी सुजली. घोट्यापर्यंत जांभळं उतरलं. मला धडकीच भरली, कारण पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते, त्यासाठीच रक्त पातळ ठेवण्याचं औषध आणि घोटे वर-खाली हलवण्याचा व्यायाम दिलेला होता. वाट न बघता रिक्षाने दवाखान्यात. डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, केलं. गाठ नव्हती. आत साकळलेलं रक्त खाली उतरतं आणि पाय असा दिसतो, हे पुष्कळांचं होतं. पाय उंच ठेवा, बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. तरीही डॉक्टर म्हणाले, आलात ते बरं केलंत, पोटरी अशी दुखली की घरी बसून अंदाज बांधायचा नाही.

१७ ते २१

हे दिवस एकसारखे गेले. साडेसहाला गोळी, सातला व्यायाम. नाश्ता. अंगणात वॉकरवर फेऱ्या, आधी चार, मग दहा. बर्फ. झोप. चारला पुन्हा गोळी, साडेचारला फिजिओ. ब्याऐंशी. सत्त्याऐंशी. एक दिवस मागे येऊन चौऱ्याऐंशी, त्या दिवशी आई जेवली नाही.

रात्रीची झोप मात्र येत नव्हती. अडीच-तीनला ती उठून बसायची आणि गावचं बोलायची. मोहोर आला असेल. काकूंनी गाईला पेंड दिली असेल का. वहिनीला सांग, कोंबड्यांना संध्याकाळी लवकर कोंड. मी तिच्या शेजारी पडून ऐकायचे. माझं लग्न झाल्यापासून एवढ्या रात्री आम्ही दोघी एका खोलीत झोपलो नव्हतो.

२२ जानेवारी : पिना

चौदावा दिवस. अठ्ठावीस पिना. सिस्टरने छोट्या चिमट्याने एकेक काढून स्टीलच्या वाटीत टाकली, टिण आवाज व्हायचा. आईने आवाज मोजले आणि म्हणाली, "सत्तावीसच." सिस्टरने पुन्हा बघितलं. खालच्या टोकाला कातडीच्या घडीत एक राहिली होती. जखमेच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर लागते, ते सांगितलं की काही महिने राहील, थोडं कायमचंही राहू शकतं.

कोन पंचाण्णव. वॉकर सुटला, काठी आली. काठी डाव्या हातात धरायची, ऑपरेशन झालेल्या पायाच्या उलट बाजूला, हे आईला पटायला एक दिवस लागला.

२४ जानेवारी : सतारमेकर गल्ली

संध्याकाळी आई म्हणाली, मिरजेत येऊन दवाखाना सोडून काही बघितलं नाही. रिक्षाने सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी उतरलो आणि शंभरेक पावलं काठीवर चाललो. इथली शिकलगार घराणी मूळची हत्यारं घडवणारी. एकोणिसाव्या शतकात ती सतार-तंबोऱ्यांकडे वळली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानांच्या माळ्यावर वाळलेले भोपळे टांगलेले होते, आईला वाटलं बियाण्याला ठेवलेत. पंढरपूरकडे मुद्दाम हे कडू भोपळे पिकवतात, असं कारागिराने सांगितलं.

त्याने आम्हाला आत बोलावलं, आईसाठी खुर्ची मागवली. तो खाली बसून काम करत होता, मांडी घालून, भोपळा पावलांच्या पकडीत धरून, पटाशीने कड साफ करत. पन्नाशीचा माणूस. वाद्याच्या गप्पा चालू होत्या, पण आईचं लक्ष त्याच्या गुडघ्यांकडे. शेवटी तिने विचारलंच, "दादा, दिवसाचे किती तास असे बसता?"

"आठ-दहा, आजी."

"उठून फिरा मधे मधे."

तो हसला, पण मग खरंच उठला, पाय झटकले, आणि उभ्या उभ्या एका जुन्या तंबोऱ्याच्या तारा छेडल्या. त्या छोट्या दुकानात तो आवाज भरून राहिला. आईने काठी मांडीवर आडवी घेतली आणि डोळे मिटले. दुसऱ्यांदा छेडा, असं तिने सांगितलं.

२६ जानेवारी : जिना

दवाखान्याच्या दारात झेंडावंदन चालू होतं. आम्ही मागच्या जिन्यावर. फिजिओंनी नियम सांगितला : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

आईने दोन्ही पायांकडे बघितलं. "यातला चांगला कंचा?"

ते क्षणभर थांबले. "सध्या डावा. पुढच्या महिन्यात उजवा."

चौदा पायऱ्यांचा जिना तिने चार वेळा चढून उतरला. कोन एकशे चार. पाय सरळ करताना अजून थोडासा कमी पडत होता, तो व्यायाम सोडायचा नाही अशी तंबी मिळाली. मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, हेही.

२७ जानेवारी, सोमवार : घरी

मावशींनी ओटी भरली. न्हाणीचं दार त्या परत लावणार नाहीत म्हणाल्या, पुढच्या पेशंटला उपयोगी पडेल. अथणीच्या आजी-आजोबांना वॉर्डात जाऊन भेटलो होतोच. त्यांचा मुक्काम जखम ओली राहिल्यामुळे वाढला होता.

परतीला पाच थांबे घेतले. पाय जास्त वेळ खाली सोडून बसायचा नव्हता, म्हणून आई मागच्या सीटवर आडवी, पाय लांब करून. आंबा घाटाच्या माथ्यावर तिला उतरवून दहा पावलं चालवलं. खाली कोकण दिसत होतं. तिला घर दिसल्यासारखं झालं.

साडेतीनला आमच्या फाट्यावर. वाडीतले आठ-दहा जण उभे होते, त्यांतल्या दोघांच्या हातात डोलीचा बांबू. आईने बांबूकडे बघितलं आणि डावा हात पाइपावर ठेवला. दादा तिच्यापुढे एक पायरी खाली, तोंड तिच्याकडे करून. मी मागे, तिच्या कमरेचा पट्टा धरून. काठी उजव्या हातात.

दुखरा आधी. मग दुसरा. एका पायरीवर दोन्ही पाय आले की पुढची. कोणी बोलत नव्हतं, आई फक्त मोजत होती. पंधराला वळणावर प्लास्टिकची खुर्ची मांडलेली होती, तिथे ती बसली आणि पाणी प्याली. अकरावी पायरी हलली नाही हे तिने दादाला सांगितलं. सव्वीसाव्या पायरीवर आंब्याची फांदी पाखाडीवर येते. ती मोहोराने भरली होती. आई थांबली, वर बघितलं, नाकाने वास ओढून घेतला आणि खाली बघून पुन्हा आकडा धरला.

बेचाळीस झाल्यावर तिने काठी तुळशीला टेकवली. शेजारच्या काकू गाय घेऊन आल्या होत्या, गाईने तिचा हात चाटला. वहिनी ओवाळायला ताट घेऊन पुढे झाली. वाडीतली मंडळी पडवीत बसायला लागली, चहाचं आधण ठेवलं गेलं. आईने ओवाळून घेतलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मला हाक मारली.

"चार वाजले. गोळी दे माजी. आणि ह्यांना सांग, साडेचारला मना पडवी मोकळी लागंल."